राळेगावहून आलेली तक्रार

राळेगाव,
४ जुलै २०२५

प्रिय धम्मरत्न,
सप्रेम जयभीम.

तू तीनदा फोन केलास असं शेजारच्या खुशीने सांगितलं. माझ्या कानांचं तुला ठाऊक आहे. फोनवर मी नुसती ‘हो हो’ करत राहते आणि तू समजतोस की सगळं ठीक आहे. म्हणून हे पत्र. तूही पत्रच लिही, मला सावकाश वाचता येतं.

सगळं ठीक नाही. विहारातल्या अभ्यासिकेत तू जे सहा जुने कॉम्प्युटर बसवून दिलेस, त्यांच्यावर आम्ही मानीबाईची हकीकत लिहून घेत होतो. मानीबाई चौऱ्याऐंशी वर्षांची. छप्पन साली तिच्या माहेरच्या गावातून तेवीस माणसं पायी नागपूरला दीक्षेला गेली, त्यांत ही पंधरा वर्षांची पोर होती. त्या तेविसांतली ती एकटीच उरली होती. पांढरं लुगडं नव्हतं म्हणून तिच्या आईने जुनं लाल लुगडं तीन दिवस सोड्यात उकळलं, तरी ते गुलाबीच राहिलं. ते नेसून ही पोर सगळ्या पांढऱ्या गर्दीत उभी राहिली. अशा गोष्टी ती सांगायची.

सांगायची ती, ऐकायची आणि ऐकता ऐकता टाइप करायची रुपाली, आणि मी पडद्यावर वाचायची. रुपाली म्हणजे देवराव टेलरची मुलगी, दोन वर्षांपासून अभ्यासिका तीच सांभाळते. माझे कान म्हणजे तीच. फोनमध्ये आवाज भरून घेऊ म्हटलं तर मानीबाई म्हणाली, “त्या डबीत मले कोंडू नको बापा. तू लिव, मी सांगून राह्यली.”

एप्रिलअखेर अकरा पानं झाली. मे महिन्यात पोरं सुट्टीवर गेली, तेव्हा आम्ही फक्त एक नंबरचा कॉम्प्युटर चालू ठेवला. त्यावर एकूण चव्वेचाळीस पानं झाली. तेविसांची नावं, कोण वाटेत कुठे थांबला, कोणी कोणाची भाकरी खाल्ली, सगळं. २० जूनला मानीबाई गेली.

१ तारखेला अभ्यासिका पुन्हा भरली. रुपालीने सगळे कॉम्प्युटर लावले आणि मानीबाईची पानं उघडली. अकराच पानं. पुढची तेहतीस नाहीत. तीन नंबरवर तू एक प्रत ठेवण्याची सोय केली होतीस, तिथेही अकराच.

मी तिला सगळ्या पोरांसमोर विचारलं, “काय दाबलंस?” ती उठून घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून येत नाही. ती पानं परत आणता येतील का रे? अशोक विजयादशमीला पुस्तिका काढायची होती.

तुझी आत्या,
सत्यशीला


पुणे,
१२ जुलै २०२५

आदरणीय आत्या,
सविनय जयभीम.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. मानीबाई मला आठवतात. लहानपणी मला बोरं द्यायच्या आणि बिया मोजून परत मागायच्या.

कॉम्प्युटरचं म्हणशील तर असं होतं कधी कधी. यंत्रं फार जुनी आहेत. घाईत एखादं चुकीचं बटण दाबलं जातं, माणसाच्या लक्षातही येत नाही. रुपालीला फार बोलू नकोस. झालं ते झालं.

एक नंबरच्या कॉम्प्युटरवर आता काहीही काम करू नका. त्यातली डिस्क काढून मला पाठवा, घनश्याम रेडिओवाल्याला दोन मिनिटांचं काम आहे. पुसलेलं कधी कधी थोडंफार सापडतं. डिस्क काढण्याआधी एकदाच लावून एवढं बघ, की पडद्याच्या कोपऱ्यात साल कोणतं दिसतं. सहज विचारतो आहे.

तुझा,
धम्मरत्न


राळेगाव,
२२ जुलै २०२५

प्रिय धम्मरत्न,

डिस्क माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पोस्टाने पाठवली आहे. घनश्याम म्हणाला, “बाई, हे औषधाच्या बाटलीवानी जपून पाठवा.” कोपऱ्यात साल २०१० दिसतं. आम्ही तर २०२५ मध्ये आहोत अशी माझी समजूत आहे.

मी रुपालीच्या घरी जाऊन आले. ती सोयाबीनच्या निंदणाला जाते आहे, बायकांच्या टोळीबरोबर. पदवी झालेली पोर. देवराव म्हणाले, “मॅडम, पोरगी जेवत नाई धड. काहून असं केलं म्हनून सोतालेच कोसून राह्यली.” बांधावर गाठलं तर माझ्याशी बोलताना तिचे ओठ हलेनात, मग मला कसं वाचता येणार? तिने हातावर पेनने लिहून दाखवलं: मी काही दाबलं नाही. त्याखाली लिहिलं: पण दाबलंच असेन.

ती भुरीबाईकडेही जाऊन आली. भुरीबाई म्हणजे मानीबाईची मुलगी. रुपालीने तिचे पाय धरले. भुरीबाई म्हणाली, “माय तं गेलीच होती. आता तिचं बोलनंई गेलं. तुह्या हातानं गेलं का कोनाच्या, मले काय समजते बाई.” हे मला भुरीबाईच्या सुनेने लिहून दिलं.

अजून एक गोष्ट कळली. मे महिन्यातच रुपालीला साल चुकलेलं दिसलं होतं. कॉम्प्युटरमधली सिस्टीम जगभरातले लोक मिळून फुकट चालवतात असं तू सांगितलं होतंस, म्हणून तिने त्या लोकांना इंटरनेटवर तक्रार लिहिली. कोणीतरी इंग्रजीत उत्तर दिलं आणि तक्रार बंद केली. काय उत्तर दिलं ते ती सांगत नाही. तू त्या लोकांना ओळखतोस ना? विचारून बघ.

तुझी आत्या


पुणे,
३ ऑगस्ट २०२५

आदरणीय आत्या,

डिस्क मिळाली. आठवडाभर खटपट केली. फार नाही, अडीच पानांचे तुकडे सापडले. सोबत छापून पाठवतो. सहा नावं त्यात आहेत. बाकीच्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं आहे, ते आता येणार नाही.

तक्रारीचं म्हणशील तर त्या लोकांकडे रोज शेकडो तक्रारी येतात. प्रत्येकीत लक्ष घालणं जमत नाही. सालाचा दोष मात्र दुरुस्त झाला आहे, नवं अपडेट घेतलं की पूर्ववत होईल.

नवी डिस्क पाठवतो आहे. कामाची गडबड आहे, म्हणून थोडक्यात लिहिलं.

धम्मरत्न


राळेगाव,
१६ ऑगस्ट २०२५

धम्मरत्न,

तुकडे वाचले. अर्ध्या वाक्यात मानीबाई म्हणते, “आन् मंग बाबासायेब” आणि पुढे काही नाही.

मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. वहीत पायऱ्या नसताना ज्या पोराचं उत्तर बरोबर यायचं, त्याला मी मारत नसे. एवढंच विचारायची, उत्तर कुठे पाहिलंस? माझ्या पहिल्या पत्रात सालाचा एक शब्द नव्हता. तरी तू साल विचारलंस. तुला उत्तर आधीच माहीत होतं.

त्याच पत्रात तू लिहिलंस की चुकीचं बटण दाबलं गेलं असेल. मी ते पत्र देवरावांना वाचून दाखवलं होतं. माझा भाचा यातला जाणकार आहे, असंही मीच वर म्हणाले. आता पोरीला तिच्या घरचेही तेच म्हणतात.

मला पायऱ्या लिहून पाठव.

सत्यशीला


पुणे,
२५ ऑगस्ट २०२५

आत्या,

हे पत्र पाचव्यांदा लिहितो आहे. आधीच्या चारांत मी कुठे ना कुठे स्वतःला वाचवलं होतं.

त्या सिस्टीममधला एक छोटा भाग मी सांभाळतो. कॉम्प्युटर सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत जे चालतं, ते. पगाराचं काम नाही, हौसेचं आहे. नवीन काही घडवायचं नसतं. बारीकसारीक दोष काढायचे, जुनं निरुपयोगी झालेलं काढून टाकायचं, आलेल्या तक्रारी बघायच्या. घर झाडावं तसं काम.

कॉम्प्युटरच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो, तो बंद असतानाही घड्याळ चालवतो. अभ्यासिकेतले सेल संपले आहेत हे मला तीन वर्षांपासून माहीत आहे. दर वेळी ‘पुढच्या खेपेला आणतो’ म्हणालो, तू कधी टोकलं नाहीस. त्यावाचून अडत नव्हतं, कारण सिस्टीममध्ये एकतीस ओळींची एक सोय होती. कॉम्प्युटर शेवटी कधी चालू होता ते ती लिहून ठेवायची आणि सुरू झाल्यावर घड्याळ तिथून पुढे न्यायची. एप्रिलमध्ये मी साफसफाई केली. असले जुने कॉम्प्युटर आता कोण वापरतं, असं म्हणून त्या एकतीस ओळी काढून टाकल्या. चार जणांनी शाबासकी दिली. तुमचे सहा कॉम्प्युटर मला आठवले नाहीत. खरंच आठवले नाहीत.

मेमध्ये ते अपडेट तुमच्याकडे आलं. एक नंबरला वाटू लागलं की साल २०१० आहे. रुपालीने टाइप केलेल्या प्रत्येक पानावर २०१० चा शिक्का बसला. प्रतीची सोय माझीच: दोन्ही कॉम्प्युटर चालू झाले की जी प्रत नवी ती जुनीवर लिहायची. १ जुलैला तीन नंबर लावल्यावर त्याच्याकडची एप्रिलची अकरा पानं ‘नवी’ ठरली आणि चव्वेचाळीस ‘जुनी’. रुपालीने काहीही दाबलं नाही. तिने फक्त कॉम्प्युटर चालू केले.

आता तक्रार. तिचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण न समजण्यासारखं एकही वाक्य नव्हतं. मराठीत असं होईल: “आमच्याकडे सहा जुने कॉम्प्युटर आहेत. सेल संपलेले. नव्या अपडेटनंतर दर वेळी साल २०१० दिसते. आधी असे नव्हते. आम्ही एका आजीचे बोलणे लिहीत आहोत, ते महत्त्वाचे आहे. कृपया पाहा. राळेगाव, जिल्हा यवतमाळ.”

तिला उत्तर देणारा मी होतो. ‘जुनी यंत्रे. सेल बदलावेत. तक्रार बंद.’ एवढंच लिहिलं.

राळेगाव हा शब्द मी वाचला होता. वाचला नाही असं मी न पाठवलेल्या चारही पत्रांत लिहिलं, ते खोटं होतं. वाचला आणि मनात आलं, आता त्या ओळी परत घातल्या तर बाकीच्यांना कधी तरी कळेल आणि ते म्हणतील की यांच्या गावाकडचं आलं म्हणून लगेच झालं. इतक्या वर्षांत मी तिथे कोणाला गावाचं नावही सांगितलेलं नाही. म्हणून इतरांपेक्षा जास्त कडक वागलो. आत्याला कळवू, सेल पाठवू, असं ठरवलं आणि दुसऱ्या कामाला लागलो. विसरलो.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा ते वाचून संपायच्या आत मला सगळं समजलं होतं. तरी बटणाचं लिहिलं. एका मुलीच्या माथी मारून मी दीड महिना पुण्यात जेवत-झोपत होतो. मला स्वतःची लाज वाटते, आत्या. हे पत्र रुपालीला दे. देवरावांनाही वाचून दाखव, जसं ते वाचून दाखवलं होतंस.

धम्मरत्न


राळेगाव,
८ सप्टेंबर २०२५

धम्मरत्न सर,
जयभीम.

मॅडमनी तुमचं पत्र दिलं. बाबांना वाचून दाखवलं. बाबा मशीनवर बसले होते, त्यांनी पाय थांबवला आणि एवढंच म्हणाले, “मंग पोरीले आपुन कायले बोललो?” त्या दिवशी मी दोन महिन्यांनी पोटभर जेवले.

तुम्ही माफी मागितलेली नाही, ते एका अर्थी बरं केलं. मागितली असती तर मला हो म्हणावं लागलं असतं, कारण तुम्ही मॅडमचे भाचे आहात. मला अजून राग आहे. दोन महिने मी माझ्याच बोटांकडे बघत होते. निंदताना आठवत होते, ‘एक जुलैला उजव्या हाताने काय केलं, डाव्या हाताने काय केलं.’ तुमचं उत्तर आलं होतं तेव्हाही मी मॅडमना दाखवलं नाही, कारण मला वाटलं आपण काहीतरी बावळट विचारलं.

मी परत अभ्यासिकेत येते आहे. जे आठवतं ते भुरीबाईसमोर बसून पुन्हा लिहिते. तुमच्या तुकड्यांतली सहा आणि मला आठवली ती आठ, अशी चौदा नावं झाली. नऊ राहिली. माणसं आठवतात, नावं नाही. पुस्तिकेत त्या नऊ ओळी आम्ही कोऱ्या ठेवणार आहोत, आकडा घालून. आठवतं तेवढंच खाली लिहू. उदाहरणार्थ, सतरावा: याच्या पायात वाटेत बाभळीचा काटा मोडला, पण परत फिरला नाही.

आता कामाचं. तुमची ऑगस्टची दुरुस्ती सहाही कॉम्प्युटरवर घेतली. ती बरोबर नाही. कॉम्प्युटर नीट बंद केला तर साल बरोबर येतं. पण लाइन गेली तर पुन्हा २०१०. मी चार वेळा करून बघितलं. आमच्याकडे कॉम्प्युटर कोणी बंद करत नाही सर, लाइनच बंद करते. काढून टाकलेल्या जुन्या ओळी मी इंटरनेटवर शोधून वाचल्या, सगळ्या समजल्या नाहीत. पण त्या दर दहा मिनिटांनी वेळ लिहून ठेवत होत्या. तुम्ही एकतीसच्या जागी बारा ओळी लिहिल्या आणि नेमकं तेच गाळलं.

माझी मे महिन्याची तक्रार अजून बंदच दिसते. ती आधी उघडा. तिच्याखाली काय झालं ते लिहा, गावाच्या नावासकट. मग दुरुस्ती करा.

रुपाली


पुणे,
१७ सप्टेंबर २०२५

रुपाली,
जयभीम.

तक्रार उघडली आहे. खाली सगळं लिहिलं, राळेगावचं नाव आणि माझं त्या गावाशी नातंही. बारा ओळी काढल्या, एकतीस परत घातल्या, जशाच्या तशा. दोष शोधणारी म्हणून तुझं नाव नोंदवलं आहे. तू तपासून ‘बरोबर’ म्हणेपर्यंत तक्रार बंद होणार नाही, आणि बंद तूच करायची. सहा सेल सोबत पाठवले आहेत.

अशोक विजयादशमीला यावं असं वाटतं. पण भुरीबाईंसमोर कोणत्या तोंडाने उभा राहू, हे कळत नाही.

धम्मरत्न


राळेगाव,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय धम्मरत्न,
सप्रेम जयभीम.

तू आला नाहीस. मी पहिल्या रांगेत तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती, शेवटी तिच्यावर पुस्तिकांचा गठ्ठा ठेवला.

तुझ्यावर मी रागावले होते, अजून थोडी आहे. पण पोरांसमोर ‘काय दाबलंस’ असं विचारणारी मीच होते. तुझं बटणाचं पत्र नंतर आलं. त्यामुळे सगळा दोष तू एकट्याने घेऊ नकोस, माझा वाटा मला राहू दे. रुपालीची मी त्याच पोरांसमोर माफी मागितली. ती रडली आणि मग म्हणाली की पाच नंबरचा माउस खराब आहे.

वंदना झाल्यावर तिने नावं वाचली. चौदा वाचून झाल्यावर पंधरावा म्हणाली आणि थांबली. खाली लिहिलेलं वाचलं. सोळावा म्हणाली, थांबली. मला ऐकू येत नाही, पण विहार किती गप्प आहे ते अंगाला कळत होतं. सतराव्याला तिने काट्याचं वाचलं आणि एकदम सगळ्यांच्या माना मागे वळलेल्या दिसल्या.

दाराजवळ एक म्हातारा काठी धरून उभा राहिला होता. डोमाजी त्यांचं नाव, पांढरकवड्याकडचे. नातवाबरोबर जीपने आले होते, यापूर्वी इथे कधी आले नव्हते. ते काहीतरी बोलत होते आणि बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. रुपाली खाली आली, पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून मला दाखवलं. ते म्हणाले होते: “थो माहा बाप व्हय. सुकाजी नाव त्याचं. काटा मरेपरेंत पायातच होता. कोनी विचारलं तं म्हने, राहू द्या, नागपूरची खून हाये.”

रुपालीने माईकपाशी जाऊन सतराव्या ओळीवर सुकाजींचं नाव पेनने लिहिलं. मग सगळ्यांनी आपापल्या पुस्तिकेत लिहिलं. भुरीबाईला लिहिता येत नाही, तिने रुपालीचा हात धरून लिहिलं.

आता आठ ओळी कोऱ्या आहेत. डोमाजी सांगतात, मानीबाईच्या माहेरगावची तीन-चार घरं पांढरकवड्याकडे आहेत आणि काही दारव्ह्याला गेली. तिथे जाऊन म्हाताऱ्या माणसांपाशी बसायला हवं. माझे कान असे. मी रुपालीला म्हटलं, तू एकटी कशी करशील, धम्मरत्नला बोलावू का, तो टाइप करील.

तिने थोडा विचार करून कागदावर लिहिलं. तो कागद सोबत ठेवला आहे, पण पाकिटातून निसटला तर असू दे म्हणून इथे उतरवते. “टाइप मी करीन. ऐकायला सरांनी बसावं. माणसाचं बोलणं पूर्ण होईपर्यंत उठायचं नाही.”

मी तिला तुझ्या वतीने हो म्हणून टाकलं आहे. रजा काढ.

तुझी आत्या,
सत्यशीला